रायवळात मोजलेला कुरुक

पऱ्याच्या काठावरच्या जुन्या झाडाला ठेकेदाराने रायवळाचा भाव लावला आणि आम्हा मामा-भाचीत वाद पेटला. रायवळ म्हणजे ज्याची जात कुणी विचारत नाही असं लाकूड. त्यातून आंब्याच्या पेट्या होतात, स्लॅबखालच्या फळ्या होतात, उरलंसुरलं वीटभट्टीत जातं. हे झाड मात्र कुरुकाचं. वखारीत ज्याला तूण म्हणतात तेच, वनस्पतिशास्त्रातलं नाव टूना सिलिआटा. हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीपर्यंत, पुढे ब्रह्मदेशातून थेट ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत, ओल्या जंगलांत हे झाड वाढतं. आणि जिथे वाढतं तिथे कुऱ्हाड त्याला लवकर शोधून काढते.

मामांची देवरुखला लाकडाची वखार होती. ओंडका दुरून बघून त्यात किती घनफूट माल निघेल ते सांगत, आणि करवतीवर ते खरं ठरे. मी जंगली देशी झाडांची रोपवाटिका चालवते. झाड आजोळच्या सामाईक जमिनीत आहे आणि भावंडांनी निर्णय मामांवर सोडला आहे. आमचं बोलणं फेब्रुवारीत झाडाखाली सुरू झालं, मग घरी आणि फोनवर चालू राहिलं. इथे ते सलग मांडते आहे.

मामा: ठेकेदार म्हणतो निंबारा आहे. मलाही पानावरून निंबाऱ्यातलाच वाटतो.

मी: एकाच कुळातले आहेत, म्हणून तसं वाटतं. पण पान हातात घेऊन बघा. निंबाऱ्याचं पान दोन-तीनदा विभागतं, मधल्या दांड्याला आडव्या काड्या आणि त्या काड्यांना बारीक पानं. हे एकदाच विभागलंय. एक दांडा, दोन्ही बाजूंना पर्णिका, आणि टोकाला बहुतेक वेळा एकटी पर्णिका नसते. कडाही सलग आहेत. कडुनिंब असता तर कडेला करवतीसारखे दाते दिसले असते.

मामा: मग महारुख?

मी: महारुखाच्या पर्णिका मोठ्या, कडेला वेडेवाकडे दाते, आणि चुरगळलं की घाण वास. ही पर्णिका उलटी करा. बुडाशी तिच्या दोन बाजू सारख्या नाहीत, एक बाजू देठावर जास्त खाली उतरली आहे. शिरा जिथे मधल्या शिरेला मिळतात तिथे केसांचे बारीक पुंजके आहेत. ते भिंगाशिवाय दिसायचे नाहीत.

मामांनी भिंग घेतलं, बघितलं, परत दिलं. पटल्याचं काही बोलले नाहीत. मी खालचा पाचोळा चाळून गेल्या वर्षीची बोंडं गोळा केली. कुरुकाचं बोंड बोटाच्या एका पेराएवढं असतं. वाळलं की पाच फाकांत उलगडतं आणि मध्ये पाच कोनांचा कणा उभा राहतो. बिया कधीच उडून गेलेल्या असतात. ज्याला पानांची भाषा येत नाही त्याने हे बोंड शोधावं. महोगनीचं बोंड मुठीएवढं, लाकडी आणि जड असतं, निंबाऱ्याला तर बोंड नसतंच, गरदार फळ असतं. झाडाखाली पाच फाकांची ही लहान वाळकी फुलं सापडली की फारशी शंका उरत नाही.

दुसरी सोपी खूण म्हणजे हा हंगाम. आजूबाजूचं जंगल सदाहरित असलं तरी कुरुक थंडीत पानं गाळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोवळी पालवी तांबूस लाल येते, आणि तिच्यासोबत किंवा मागोमाग पांढऱ्या बारीक फुलांचे लोंबते तुरे येतात, मधाच्या वासाचे. समोरच्या डोंगरावरूनसुद्धा तो तांबूस माथा हिरव्या गर्दीत उठून दिसतो. कुरुक मोजायचे असतील तर हेच दिवस. एकदा पावसाळा लागला की तो इतर झाडांत मिसळून जातो.

मामांचं समाधान त्यांच्या रीतीने व्हायचं होतं. पावसाळ्यात मोडून पडलेली एक जाड फांदी पऱ्यात अडकली होती. त्यांनी तिचं टोक कोयत्याने स्वच्छ तासलं, वर ओंजळभर पाणी चोळलं आणि ते उन्हाकडे धरलं.

मामा: ही वर्षाची रेघ बघ. पालवीच्या दिवसांत पडलेली छिद्रं मोठी, ओळीने. मग बारीक होत गेली. अशी रेघ निंबाऱ्यालाही असते, तेवढ्यावर जायचं नाही. आता वास घे.

वास गोडसर होता, थोडा तिखट, कोरड्या मसाल्याच्या डब्यात यावा तसा. तासलेला गाभा विटकरी, त्यावर रेशमासारखी चमक.

मामा: तूण आहे. निंबाऱ्याला हा वास नसतो. चुकला तो ठेकेदार.

मला पानाने जे दाखवायचं होतं ते मामांना लाकडाने दाखवलं, आणि या झाडापुरती तरी दोन्ही पुस्तकं एकाच पानावर उघडली. त्या रेघांविषयी एक गोष्ट जाता जाता सांगते. उष्ण प्रदेशातल्या फार थोड्या झाडांच्या लाकडात वर्षाची वर्तुळं अशी मोजता येण्याजोगी पडतात. तुणीत ती पडतात. म्हणूनच जुन्या काळचा पाऊस कसा होता हे शोधणारे अभ्यासक सह्याद्रीत, उत्तर बंगालात आणि ऑस्ट्रेलियातही तुणीच्या वर्तुळांकडे वळले आहेत.

मामा: मिरजेचे तंतुवाद्यवाले वखारीत यायचे. तुणीची फळी एका हाताने अधांतरी धरायचे आणि दुसऱ्या हाताने बोटाच्या पेराने वाजवायचे. दहा फळ्या वाजवून दोन बाजूला काढायचे. बाकीच्यांतही वाईट काही नसायचं, पण त्यांना हवी ती नसायची. गाठ चालत नाही, पीळ चालत नाही, घाईने वाळवलेलं तर मुळीच चालत नाही.

मी: सितार-तानपुऱ्यात नेमकी कुठे लागते?

मामा: दांडीला लागते, ती आतून पोकळ कोरतात. भोपळ्याच्या तोंडावर तबली बसते, तिलाही लागते. भोपळा मंगळवेढ्याकडून येतो. खुंट्या शिसवीच्या. तूण हलकी, त्यामुळे एवढी लांब दांडी मांडीवर जड होत नाही. कोरताना फुटत नाही, आणि पॉलिश केली की लाल रंग आतून वर येतो. सागाचीही वाद्यं करतात. पण कुठल्याही कारागिराला विचार, तूण मिळाली तर काय घेशील.

मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलं आहे. शस्त्रं घडवणारी शिकलगार मंडळी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने वाद्यांकडे वळली आणि पिढ्यान् पिढ्या तिथेच राहिली. २०२४ मध्ये मिरजेच्या सितारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा मंगळवेढ्याचा आणि हात मिरजेचा, पण लाकूड बहुतेक कर्नाटकातल्या जंगलांतून येतं. सह्याद्रीच्या आपल्या बाजूला हे झाड उगवत नाही, असं मात्र नाही.

मामा: म्हणजे बघ, तू माझीच बाजू भक्कम केलीस. रायवळ नाही, तूण आहे. भाव वाढला. आता वनखात्याची परवानगी काढू, वाहतुकीचा पास काढू, आणि ज्याला किंमत कळते त्यालाच विकू.

मी: झाड ओळखलं ते विकण्यासाठी का?

मामा: मग कशासाठी? ना याला फळ, ना पूजेला पान. लाकडाचं झाड लाकडासाठीच. जून झालंय. आणखी वीस वर्षांनी गाभा पोकळ होईल, वादळात पडेल, मग भट्टीलासुद्धा कुणी नेणार नाही. चांगलं लाकूड कुजू देण्यात कसलं पुण्य?

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, आणि तो झटकून टाकण्यासारखाही नव्हता. झाडं वाचवा म्हणणारे आम्ही लाकडाविषयी बोलायचं टाळतो. घरातला पाट, देव्हारा, तानपुरा हे सगळं कुठल्या तरी झाडातून आलेलं असतं. जंगलाविषयी बोलताना तो जोड आपण मध्येच सोडून देतो. मामा आयुष्यभर त्याच जोडावर बसले होते, त्यामुळे त्यांना तो विसरता येत नाही.

मी: कुजू द्यायचं म्हणत नाही मी. पण या खोऱ्यात आणखी कुरुक कुठे आहे ते सांगा.

मामा: होते. वखार सुरू केली तेव्हा याच पट्ट्यातून ट्रक भरून यायची तूण. चहाच्या पेट्या, कपाटांच्या पाठी, प्लायवूड. हलकं लाकूड म्हणून सगळ्यांना हवंसं. मग येईनाशी झाली. नंतर कर्नाटकातून मागवायचो.

मी: आणि एवढ्या सगळ्यांच्या बदल्यात कुणी एक तरी लावलं?

मामा: कोण लावणार? आंबा, काजू, साग लावतात. रान आपलं आपण उगवतं.

मी: उगवतं, पण त्यासाठी बी पडावं लागतं आणि पडलेलं जगावं लागतं. याचं बोंड पिकतं ते मेच्या आसपास. बी कागदाच्या कपट्यासारखं, दोन्ही टोकांना पंख, वाऱ्यावर जातं. पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांत उगवतंही. मग पुढे काय होतं? भात कापल्यावर गुरं मोकळी सुटतात आणि कोवळा शेंडा खातात. त्यातून वाचलेल्याला फेब्रुवारी-मार्चचा वणवा गाठतो. म्हणून कुरुक उरलाय तो पऱ्याच्या खडकात, जिथे गुरं उतरत नाहीत आणि आग पोचत नाही. हे एक झाड गेलं तर इथल्या बियांचा धागाच तुटेल.

मामा बराच वेळ बुंध्याकडे बघत राहिले. खाली आधारमुळं पसरलेली, साल खपल्यांची. त्यांनी साल नखाने थोडी उचलली. आतला थर गुलाबी, तंतूंचा.

मामा: ठीक. तर मग लावू. वरकस जमीन दोन एकर पडीक आहे. परवा एक एजंट आला होता, महोगनीची रोपं द्यायला. दहा बाय दहावर एकरी चारशे. बारा वर्षांत कोटीच्या गोष्टी करत होता. त्याच्या महोगनीऐवजी तुझा कुरुक लावू. ओळीने लावू, खत-पाणी देऊ. आता तरी तुझं म्हणणं झालं ना?

मला वाटतं, देशी झाडांवर प्रेम करणारी माणसं इथेच फसतात. परक्या झाडाच्या जागी आपलं झाड ठेवलं की काम झालं, असं वाटतं. कुरुकाच्या बाबतीत तसं होत नाही, आणि त्याला कारण आहे एक पतंग.

मी: ओळीने लावलेला कुरुक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तुम्हीच उपटून टाकाल. हिप्सिपिला रोबस्टा नावाचा राखाडी, साधा दिसणारा पतंग आहे. मादी कोवळ्या शेंड्यावर एकेक अंडं घालते. अळी बाहेर आली की शेंड्यात शिरते आणि आतला मऊ भाग खात खाली सरकते. भोकाच्या तोंडाशी भुसा आणि जाळीचा लगदा दिसतो, शेंडा मान टाकतो. झाड मरत नाही. खालून तीन-चार फुटवे काढतं. पुढच्या पालवीला त्या फुटव्यांवर पुन्हा तेच. पाच वर्षांनी तुमच्या दोन एकरात झाडं नसतील, झुडपं असतील.

मामा: औषध मारू.

मी: अळी शेंड्याच्या आत असते, फवारा बाहेर पडतो. शिवाय आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जूनमध्ये मारलेलं जुलैत टिकत नाही, आणि कोवळी पालवी नेमकी त्याच दिवसांत जोरात असते. चार-पाच वर्षं सतत फवारणी करावी लागेल, आणि पऱ्याचं पाणी खाली वाडीत प्यायला जातं.

मामा: मग महोगनी बरी.

मी: महोगनीही याच कुळातली. ती मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून इथे आली, तरी इथला हा पतंग तिच्यावरही अंडी घालतो. एजंट ते सांगत नाही.

ऑस्ट्रेलियात हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडली. तिथे या झाडाला रेड सीडर म्हणतात, आणि न्यू साउथ वेल्सच्या वसाहतीने त्याला लाल सोनं मानलं. अठराव्या शतकाच्या शेवटापासून तोड सुरू झाली. लाकूडतोडे एका नदीचं खोरं संपवून पुढच्या नदीवर जात, ओंडके पुरात सोडून किनाऱ्याला आणत. शंभरेक वर्षांत मोठी झाडं विरळ झाली. पुढे लागवडीचे प्रयत्न झाले, आणि ते याच शेंडा पोखरणाऱ्या अळीने हाणून पाडले. खिशात पैसा आणि हाताशी वनखातं असूनही तिथल्या लोकांना कुरुकाची सलग बाग करता आली नाही.

मामा: म्हणजे जगात कुठेच ओळीने वाढत नाही?

मी: वाढतो. ब्राझीलमध्ये. तिथे याच टूना सिलिआटाच्या मोठ्या लागवडी आहेत आणि पंधरा-वीस वर्षांत ओंडके निघतात. तिथला शेंडा पोखरणारा पतंग वेगळ्या जातीचा आहे, हिप्सिपिला ग्रँडेला. त्याला कुरुक मानवत नाही.

मामा: बघ! म्हणजे झाड घरी मार खातं आणि परमुलखात पैसे देतं. मग आपणही तेच करू. त्यांचं झाड इथे आणू. शास्त्र तूच सांगितलंस.

मामांचा हा मुद्दा मला आजही सगळ्यात भक्कम वाटतो. झाड परकं असलं की त्याचे शत्रू मागे राहतात आणि ते जोमाने वाढतं. जगातली बरीचशी लाकूडशेती यावरच उभी आहे. पण त्याच जोमाची दुसरी बाजूही आहे. दक्षिण आफ्रिकेत आपला कुरुक रस्त्याकडेला आणि नदीकाठी एवढा पसरला की आज तो तिथे आक्रमक परक्या झाडांच्या सरकारी यादीत आहे. अमेरिकेतला त्याचा चुलतभाऊ, सेड्रेला ओडोराटा, गालापागोस बेटांवर लाकडासाठी नेला आणि तिथल्या जंगलाला डोईजड झाला. पंख असलेलं बी कुंपण मानत नाही. आपल्या वरकसाच्या वर लगेच सह्याद्रीचं जंगल सुरू होतं. तिथे असं बी सोडायला माझा हात धजणार नाही, मग त्याने पैसा कितीही येवो.

मामा: तर तुझं म्हणणं तरी काय? परकं नको, आपलं ओळीने नको, जुनं तोडायचं नाही. मग करायचं काय? बसून बघायचं?

मी: जंगल कसं लावतं ते बघायचं आणि तसं लावायचं. जंगलात कुरुक थव्याने नसतो. इथे एक, मग शे-दोनशे पावलांवर दुसरा, मध्ये जांभूळ, ऐन, किंजळ, अंजनी. पतंगाला वासावरून कोवळा शेंडा शोधावा लागतो. एकटा, दुसऱ्या झाडांच्या गर्दीत दडलेला शेंडा त्याला सहज सापडत नाही. चारशे एका जागी लावले तर आपणच त्याला जेवणाचं आमंत्रण देतो. कोडगूच्या कॉफीमळ्यांत सावलीच्या मिश्र झाडांमध्ये तूण असते ती अशीच, विखुरलेली.

मामा: सावलीत झाड लांब उभट होतं, जाड होत नाही.

मी: वाढ मंदावते, मान्य. भर सावली नकोच. बाजूने आडोसा हवा आणि वरून उजेड. चांदाडा लवकर वाढतो, पऱ्याकाठी आपोआप येतो. त्याच्या फटीत रोप लावायचं. दोन-तीन वर्षांनी चांदाड्याच्या वरच्या फांद्या थोड्या थोड्या काढत जायचं म्हणजे उजेड वाढत जातो. तोवर शेंडा बराच वर गेलेला असतो. त्यानंतर अळी लागली तरी खालचा ओंडका सरळ मिळालेला असतो.

इथे मामांचा चेहरा बदलला. ओंडक्याची गोष्ट निघाली होती.

मामा: बारा फूट. खालचा बारा फूट सरळ, गाठीशिवाय मिळाला तर सगळं मिळालं. त्याच्या वर फाटे फुटोत. फळीचा भाव त्या बारा फुटांत असतो. म्हणजे शेंडा गेला की तीनपैकी एकच फुटवा ठेवायचा, सगळ्यात सरळ असलेला, आणि बाकीचे लगेच काढायचे. बोटाएवढे असताना. मनगटाएवढे होऊ दिले तर गाठ आत राहते आणि चाळीस वर्षांनी करवतीवर दिसते. वखारीत मी त्या गाठी बघितल्या आहेत. कुणाच्या तरी आळसाने पडलेल्या असायच्या.

हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. रोपवाटिकेत आम्ही रोप जगलं की खूश होतो. त्याच्या लाकडात चाळीस वर्षांनी काय दिसेल असा विचार करून कोयती चालवणारा माणूस माझ्या ओळखीत मामांखेरीज दुसरा नाही.

रोप करण्याची रीत अवघड नाही, फक्त वेळ गाठावी लागते. बोंडं हिरव्याची तपकिरी होऊ लागली, पण उलगडली नाहीत, अशा वेळी घोसच्या घोस उतरवायचे. एक आठवडा उशीर झाला की बोंडं उघडतात आणि बी वाऱ्यावर गेलेलं असतं. घोस सावलीत कागदावर पसरायचे, उन्हात नाही. दोन-तीन दिवसांत बोंडं उलगडतात आणि हलवलं की बी गळतं. बी इतकं हलकं असतं की एका किलोत दोन-तीन लाख भरावं. पंख काढत बसायची गरज नाही. साठवून ठेवायचं तर मुळीच नाही, कारण साध्या डब्यात काही महिन्यांतच त्याची उगवण पडते. म्हणून मेमध्ये बी आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी वाफा, हे गणित जुळवावं लागतं. बारीक माती आणि वाळूच्या वाफ्यावर बी पसरायचं, वर बी जेमतेम झाकेल एवढीच माती चाळायची, झारीने पाणी द्यायचं. पागोळीखाली वाफा केला तर सगळं वाहून जातं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या नव्या मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. रोपाला चार पानं आली की पिशवीत हलवायचं. अगदी लहान रोपाच्या पानांच्या कडांना दाते दिसतात, त्यामुळे नवखा माणूस ते तण समजून उपटतो. पहिला उन्हाळा रोपवाटिकेत अर्ध्या सावलीत काढायचा, आणि पुढच्या जुलैत, बुंधा पेन्सिलीएवढा झाला की शेतात.

मामा: आणि गुरं? वणवा?

मी: गुरांसाठी काट्याची झाप, रोपागणिक. वणव्यासाठी जानेवारीत जाळरेषा, गवत कापून, सगळ्या बाजूंनी. हे काम रोपं लावण्यापेक्षा मोठं आहे, ते तुम्हाला आधीच सांगते. जाळरेषा एक वर्ष चुकली तर सगळं गेलं.

मामा: दोन एकरात किती बसतील?

मी: कुरुक वीस-पंचवीस. बाकी ऐन, किंजळ, जांभूळ, फणस, आणि कडेने काजू. काजू चौथ्या वर्षापासून घर चालवेल, फणस त्याच्या मागून. कुरुक शेवटचा.

मामा: वीस-पंचवीस! अगं, एजंट आठशे म्हणतोय.

मी: आठशे झुडपं.

मामा: ते तू म्हणतेस. बरं, तुझंच धरून चालू. चाळीस वर्षांनी वीस ओंडके. मी अडुसष्टचा. तुझ्या मामीला मिरजेचा तानपुरा मी वखारीच्या पहिल्या मोठ्या सौद्यातून घेऊन दिला होता, ती तूण किती जुन्या झाडाची असेल कुणास ठाऊक. ज्याने ते झाड राखलं त्याला एक पैसा मिळाला नसणार. मलाही मिळणार नाही. मग हे जुनं झाड तरी मला विकू दे, ज्याचे पैसे आज हातात येतील. चुलतभावांनाही तोंड द्यायचं आहे मला.

मी इथे भावनेचं काही बोलले नाही. सामाईकातल्या माणसांच्या गरजा खऱ्या असतात. एकाच्या मुलीचं लग्न, दुसऱ्याचं घराचं छप्पर. झाड राखण्याचा खर्च मात्र कागदावर कुठेच येत नाही. मामांना जे वाटतं ते कोकणातल्या निम्म्या जमीनमालकांना वाटतं, आणि त्यांना अडाणी म्हणून आपल्या सह्याद्रीत एकही झाड वाचलेलं नाही. झाड उभं ठेवून घरात चार पैसे येतील अशी वाट काढून द्यावी लागते. माझ्याकडे तशी एक लहानशी वाट होती, तीही पुरेशी नव्हे.

मी: या एका झाडाचं बी मी दरवर्षी विकत घेईन. रोख. एका घोसातून जेवढी रोपं होतील तेवढ्यांवर सामाईकाचा हिस्सा. आज कुरुकाचं रोप मागितलं तर कोकणात सहज मिळत नाही, आणि मागणारे आहेत. पऱ्याकाठी आडोसा हवा असलेले आहेत, देवराया पुन्हा भरू बघणारी गावं आहेत.

मामा: त्या पैशात लग्न होत नाही.

मी: नाही होत.

मामा: पण ठेकेदाराच्या रायवळाच्या भावातही झालं नसतं. ते खरं आहे. मी एक सांगतो, मग तू ठरव. झाड मी कायमचं राखीन असं वचन देत नाही. ज्या वस्तूचा वापर होणार नाही असं ठरवलं ती वस्तू माझ्या मनातूनच उतरते, मी तसाच घडलोय. तू याच्या बियांची रोपं दोन एकरात लाव. तुझ्या रीतीने, चांदाड्याच्या आडोशाला, वीस-पंचवीस. शेंडे मी बघीन, कोयती माझी. त्यातली दहा झाडं अळीच्या तावडीतून सुटली, बारा फूट सरळ खोड घेऊन वर गेली, तर हे जुनं झाड मिरजेला जाईल. वखारीत नाही, थेट कारागिराकडे. आणि तोवर दरवर्षी याचं बी उतरत राहील.

मी: आणि दहा झाली नाहीत तर?

मामा: तर हे उभं राहील. मग मला विचारायचं नाही की तोडू का.

मला ही अट पूर्ण पटली नाही, अजूनही पटत नाही. दहा झाडं वर गेली तरी जुन्या झाडावरचे धनेश आणि खारी नव्या पोरांवर लगेच राहायला जाणार नाहीत. बारा फुटांचं खोड आणि शंभर वर्षांचा माथा, दोन्हींत फार फरक आहे. ते मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, माथ्याचा हिशेब तुझ्या पिढीने करावा, बुंध्याचा मी करतो. पण अट मी घेतली. कारण तिच्यात दहा-बारा वर्षं आहेत, आणि तेवढ्या वर्षांत दरवर्षी मे महिना येतो.

मामा: ठेकेदाराला काय सांगू?

मी: तूण आहे म्हणून सांगा.

मामा: ते सांगितलं तर उद्याच दुप्पट भाव घेऊन येईल. निंबाराच म्हणू दे त्याला. मी फक्त विकायचा नाही म्हणतो. आणि तू मेच्या पहिल्या आठवड्यात ये, दुसऱ्यात नाही. शिडी माझ्याकडे आहे, पण घोस उतरवायला आकडीची लांब काठी लागेल, ती घेऊन ये.